वाचकांचे प्रश्न : फळ्याकडून मुलांकडे वळलेला वर्ग

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. या वर्षी आलेल्या बाई फळ्यावर फारसे शिकवत नाहीत; मुलांना गटांत बसवतात, शब्दपट्ट्या आणि मणी देतात, आपापसांत बोलायला लावतात. 'आज काय शिकवले?' असे घरी विचारले की मुलगी 'काही नाही' म्हणते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा 'ही विद्यार्थीकेंद्री पद्धत आहे आणि ती सिद्ध झालेली आहे' एवढेच उत्तर मिळाले. असा पुरावा खरोखर आहे का?
— एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : पुरावा आहे, आणि त्यातला सर्वांत भक्कम भाग आपल्याच देशातला आहे, मात्र 'विद्यार्थीकेंद्री' या एका शब्दाखाली वर्गात जे जे चालते, त्या सगळ्याला तो लागू होत नाही. तुम्हाला सभेत मिळालेले उत्तर म्हणूनच अपुरे होते.

'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोदा येथील महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' कार्यक्रम चालवला. त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एक तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि इयत्तेचे पुस्तक बाजूला ठेवून, मूल जिथे अडले होते तिथून, म्हणजे अक्षरांपासून किंवा साध्या बेरजेपासून शिकवायला लागे. बालसखी कोणत्या शाळांत कोणत्या इयत्तेला द्यायची हे सोडतीने ठरवले होते. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. सोडतीचे महत्त्व मोठे आहे, कारण उत्साही शिक्षक किंवा जागरूक पालक एकाच बाजूला गोळा झाल्यामुळे फरक दिसला, असे मग म्हणता येत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण 0.28 प्रमाण विचलनाने अधिक होते. याचा ढोबळ अर्थ असा की शंभर मुलांच्या क्रमवारीत जे मूल मधोमध होते, ते साधारण दहा-अकरा मुलांना मागे टाकून पुढे सरकले. सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मात्र हा फरक बराच ओसरून सुमारे 0.1 वर आला होता. ही बाजू सांगितल्याशिवाय पहिला आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही.

पुढे उत्तर प्रदेशात 2013-14 मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांची इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार विभागणी करून शाळेतच शिबिरे घेण्यात आली. अवघ्या 50 दिवसांच्या शिकवण्याने भाषा आणि गणितात सुमारे 0.7 प्रमाण विचलन इतकी वाढ झाली. शालेय शिक्षणाच्या संशोधनात इतका मोठा परिणाम क्वचितच आढळतो. याच्या उलट, बिहारमध्ये काही शाळांना केवळ शैक्षणिक साहित्य पुरवले, तेव्हा मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नाही. जमिनीवर रंगवलेल्या तक्त्यांनाच रचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार, समजण्याची चूक आपल्याकडेही काही ठिकाणी झाली, म्हणून हा निष्कर्ष आपण विशेष लक्षात ठेवायला हवा.

'मुलांना सोडून दिले की ती आपोआप शिकतात' या कल्पनेला मात्र संशोधनाचा आधार नाही. शोधातून शिकण्यावरील 164 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की मार्गदर्शनाशिवाय स्वतः शोधत बसलेली मुले थेट शिकवलेल्या मुलांपेक्षा मागे राहतात, आणि ज्यांना शोधताना योग्य वेळी इशारा मिळतो, चूक दाखवली जाते, आपले उत्तर समजावून सांगायला लावले जाते, ती मुले पुढे जातात. शिक्षकाचे काम या पद्धतीत कमी होत नाही. उलट तीस मुलांची तीस अडखळण्याची ठिकाणे लक्षात ठेवावी लागतात, आणि हे काम फळ्यावर धडा समजावून सांगण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच काम केले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली.

तुमच्या मुलीच्या 'काही नाही'विषयी एक गोष्ट सांगतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. सुरेख व्याख्यान ऐकले की सगळे समजल्यासारखे वाटते, आणि स्वतः धडपडताना आपले अज्ञान टोचत राहते. ते विद्यार्थी मोठे होते, त्यामुळे तो निष्कर्ष चौथीच्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण 'शिकवले का' याऐवजी 'आज तुमच्या गटाने काय केले, तू कुठे अडलीस' असे विचारून पाहा. बाईंनाही भेटा आणि माझी मुलगी वाचनात आणि गणितात आज नेमकी कुठे आहे, जूनमध्ये कुठे होती, एवढेच विचारा. ज्या शिक्षिकेला हे तपशिलाने सांगता येते, तिच्या वर्गातला गोंगाट मला चालेल. सांगता येत नसेल, तर समितीच्या सभेत तो विषय पुन्हा काढण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीला एकत्र शिकवतो. पातळीनुसार गट केले तर अभ्यासक्रम मागे पडतो आणि केंद्रप्रमुख विचारणा करतात. मार्ग काय?
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. हरियाणात 2012-13 मध्ये सरकारी शाळांच्या शिक्षकांनीच हा प्रयोग केला, तेव्हा वेळापत्रकात रोजचा एक तास स्वतंत्रपणे राखून ठेवला होता. त्या तासाला इयत्ता मोडून केवळ पातळीनुसार बसायचे आणि उरलेल्या वेळात नेहमीचा अभ्यासक्रम घ्यायचा. तेथे मुलांच्या हिंदी वाचनात सुमारे 0.15 प्रमाण विचलनाची वाढ दिसली, आणि पर्यवेक्षकांना आधी स्वतः काही दिवस शाळेत शिकवायला लावले होते, हेही त्यामागचे एक कारण होते. तुमच्याकडे दोन इयत्ता आधीच एका खोलीत बसतात, त्यामुळे गट करणे तुम्हाला त्या मानाने सोपे जाईल. तो तास वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावा, आणि केंद्रप्रमुखांची पुढची भेट नेमकी त्याच तासाला ठेवण्याची त्यांना विनंती करा.