रोटाव्हेटर भाड्याने, पेरणी यंत्र भागीत

सहा एकर काळी कोरडवाहू, खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, ट्रॅक्टर घरचा. १,१०,००० रुपयांचा रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) आणि ५५,००० चे पेरणी यंत्र घ्यावे, की गावच्या शेतकरी कंपनीच्या अवजारे बँकेतून (अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रातून) आणावे, असे तुम्ही विचारले आहे. बँकेचे एकरी भाडे तुम्ही ४०० आणि ३०० कळवलेत.

रोटाव्हेटर घेऊ नका. दोन हंगामांत मिळून तो १२ एकर चालेल, भाडे ४,८००. स्वतःचा घेतलात तर आठ वर्षांनी ३०,००० ला विकेल असे धरून घसारा १०,०००, अडकलेल्या पैशावर १० टक्क्यांनी व्याज ७,०००, पाती-बेअरिंग-तेल एकरी २५० प्रमाणे ३,०००, वर्षाला २०,०००. पाती-तेलाचा खर्च कामाबरोबर वाढतो, म्हणजे ४०० भाड्यातले एकरी १५० च वाचतात; त्यातून बाकीचे १७,००० भरून निघायला ११० एकरांहून जास्त काम हवे. निम्मे अनुदान मिळाले तरी पन्नास एकर लागतातच. (महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर पूर्वसंमती येण्याआधी केलेली खरेदी अनुदानाला चालत नाही.) शिवाय रोटाव्हेटर चार दिवस उशिरा मिळाला तरी फारसे बिघडत नाही.

पेरणीचे तसे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वाफसा (चिखल न होता पेरता येईल अशी ओल) आला की सगळा गाव एकाच दिवशी बँकेच्या दारात उभा राहतो. नंबर हुकला, वर पुन्हा पाऊस लागला, तर आठवडा गेला. त्यात एकरी अर्धा क्विंटल जरी घटला, तरी ४,५०० भावाने सहा एकरांत १३,५०० गेले. स्वतःच्या यंत्राचा वर्षाचा खर्च ८,५००, भाडे ३,६००. एकट्याने घेणे जडच. शेजारच्या तेवढ्याच जमिनीच्या शेतकऱ्याबरोबर निम्म्याने घेतलेत, तर दुप्पट कामाची वाढीव दुरुस्ती धरूनही प्रत्येकाला भाड्यापेक्षा हजार-बाराशेच जास्त पडतात, आणि दोघांचे १२ एकर दीड-दोन दिवसांत पेरून होतात. पहिला दिवस कोणाचा, हे वर्षाआड बदलून आधीच लिहून ठेवा. पैसे पीक कर्जातून काढू नका, बियाणे-खताला तेच लागतात.

बँकेतून रोटाव्हेटर आणताना पाती मोजा, नट-बोल्ट आवळलेले आहेत का आणि गिअरबॉक्सचे तेल गळते का ते पाहा, मोबाइलवर फोटो काढा. परत देताना तुटलेल्या पात्याचा वाद इथेच मिटतो. भागीतल्या यंत्रात खत रात्रभर पेटीत ठेवू नका. ते ओल धरते, भोके बुजतात, पत्रा गंजतो. आणि शेजाऱ्याकडून यंत्र आले की चाक हाताने फिरवून पडणारे बी तोला. सोयाबीनला एकरी ३० किलो बसले पाहिजे.