हरणाच्या शिकारीसाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे. दर्जेदार कशी ओळखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात स्थायिक आहात, ग्रीन कार्ड आहे, शेजाऱ्यांबरोबर व्हाइट-टेल हरणाच्या शिकारीला जायचंय, उंची पाच फूट पाच इंच, रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण मिळून बजेट पंधराशे डॉलर, आणि "एकदाच घेईन पण चांगली घेईन" असा विचार. मी याच राज्यात बरीच वर्षं शिकारीला जाते आणि उंचीने तुमच्याहून थोडी कमीच आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला.

बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्या, त्यात शंका नको. बोल्ट म्हणजे दांडी उचलून हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा: मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालतच नाही. उरतात बोल्ट, लिव्हर, पंप आणि एकनळी, आणि त्यांत बोल्टवाल्यांत निवडीला सगळ्यात जास्त वाव आहे.

दुकानात गेलात की पहिली गोष्ट ऐकायला मिळेल ती अचूकतेची. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात, वगैरे. त्याला भुलू नका. हातोड्यांनी ठोकून घडवलेली नळी आणि संगणकावर चालणारी यंत्रं आल्यापासून पाचशे डॉलरची रायफलही इतपत मारते. हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची, आणि इथल्या दाट जंगलात बहुतेक वेळा हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसतं. म्हणजे एक इंच की दीड इंच हा वाद नेमबाजीच्या रेंजवर चहा पिताना घालायचा. जास्तीचे पैसे मोजायचे ते माप, बोल्ट आणि ट्रिगर यांच्यासाठी, आणि या तिन्ही गोष्टी कॅटलॉग वाचून कळत नाहीत, रायफल हातात घ्यावी लागते.

माप सगळ्यात आधी, कारण त्याकडेच कुणी बघत नाही. ट्रिगरपासून दस्त्याच्या (रायफल धरायच्या आणि खांद्याला टेकवायच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागाच्या) मागच्या टोकापर्यंतचं अंतर कारखाने साडेतेरा-पावणेचौदा इंच ठेवतात. ते सहा फुटी माणसाला धरून. आपल्यासारख्यांनी ती रायफल खांद्याला लावली की मान पुढे ताणावी लागते. त्यात शिकारीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, थंडी कडाक्याची, अंगावर जाड कोट. कोटाचा इंचभर थर मध्ये आला की दस्ता काखेत अडकतो आणि दुर्बिणीत काळी कड दिसायला लागते. तेव्हा दुकानात जाताना, जुलै असला तरी, तो कोट सोबत न्या. घाला. लोक हसतील, हसू देत. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं तर माप तुमचं. डोकं पुढे-मागे, वर-खाली करून ते शोधावं लागत असेल तर ती रायफल कितीही नावाजलेली असो, परत ठेवा. बऱ्याच कंपन्या साडेबारा इंचांच्या आसपासचा आखूड दस्ता देतात. त्यावर 'यूथ' किंवा 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं असतं म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

मग बोल्ट. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे गावाकडच्या कुणा परवानाधारक काकांना विचारलंत तर ते बंगालमधल्या इछापूर कारखान्याच्या .३१५ रायफलीबद्दल सांगतील. तिचा बोल्ट जुन्या ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीच्या वळणाचा, बोल्ट पुढे ढकलून बंद करताना आतली स्प्रिंग दाबली जाते. इथल्या जवळजवळ सगळ्या रायफलींत उलट आहे, दांडी वर उचलतानाच स्प्रिंग दाबली जाते. म्हणून ती उचलायला थोडी जड लागणारच. पाहायचं हे की तो जडपणा एकसारखा आहे की मध्येच अडतो. बोल्ट बंद केला की त्याच्यावरच्या खुंट्या खाचांत अडकून तो घट्ट बसतो. दोन खुंट्यांचा बोल्ट सहसा ९० अंश फिरतो, तीन खुंट्यांचा ६० अंशांच्या आसपास. कमी फिरणाऱ्या बोल्टची दांडी दुर्बिणीला घासत नाही, पण तेवढ्याच कामाला कमी फिरकी मिळते म्हणून काही वेळा उचलायला जास्त जोर लागतो. खरी परीक्षा मात्र बंदूक खांद्यावरून न उतरवता बोल्ट चालवण्यात आहे. दुकानदाराला आधी बंदूक रिकामी असल्याचं दाखवायला सांगा, स्वतःही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री करा, आणि मग नकली काडतुसं मागून घ्या. चांगला दुकानदार देतो. सावकाश चालवा, मग घाईने चालवा. काडतूस तिरकं होऊन अडकतंय का, रिकामं बाहेर फेकलं जातंय की आळसटल्यासारखं तिथेच पडतंय, हे दोन मिनिटांत कळतं.

याच ठिकाणी तुम्हाला माउझरची गोष्ट ऐकवली जाईल, आणि ती ऐकण्यासारखी आहे. १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीत बोल्टच्या कडेला एक लांब पोलादी पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून (काडतुसं साठवायच्या पेटीतून) सुटलं की त्याची कड लगेच या पंजाखाली सरकते आणि चेंबरमध्ये जाऊन परत बाहेर येईपर्यंत ते बोल्टच्या ताब्यात राहतं. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि शेवटी चेंबरमध्ये गेल्यावर छोटा आकडा त्याच्यावर बसतो. घाबरून अर्ध्यातच बोल्ट मागे ओढला तर या दुसऱ्या पद्धतीत पहिलं काडतूस चेंबरच्या तोंडाशी राहतं, मागून दुसरं येऊन त्याला धडकतं, आणि बंदूक जाम. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही १९३६ साली माउझरच्या पंजासकट आली. खर्च वाचवायला १९६४ मध्ये कंपनीने पंजा काढला, दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळीही जाऊन ठशाची आली, आणि गिऱ्हाईक इतकं चिडलं की 'प्री-सिक्स्टीफोर' रायफलींना आजही जास्त भाव मिळतो. नंतर कंपनीला पंजा परत आणावा लागला.

गोष्ट छान आहे, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. अंगावर धावून येणाऱ्या अस्वलासमोर किंवा आफ्रिकेत म्हशीसमोर पंजाला अर्थ आहे. झाडावरच्या मचाणावर बसून हरणाची वाट पाहताना नाही. रेमिंग्टन ७०० आणि टिक्का दोन्ही ढकलणाऱ्या पद्धतीच्या, आणि निम्मं राज्य त्यांच्यावर शिकार करतं.

ट्रिगर तीन पौंडांच्या आसपासच्या दाबाने सुटावा, आणि काचेची काडी मोडावी तसा एकदम. सुटण्याआधी तो सरकत-खरवडत राहिला तर नेम हलतो. सॅव्हेज कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला मधोमध पातळ पाती असलेला, वजन कमी-जास्त करता येणारा ट्रिगर स्वस्त रायफलीत आणला आणि बाकीच्यांनाही सुधारावं लागलं, त्यामुळे आता वाईट ट्रिगर शोधावा लागतो. सेफ्टीचं, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याचं, मात्र बघा: सेफ्टी लावलेली असतानाच बोल्ट उघडून काडतूस काढता यावं. मॉडेल ७० ची तीन टप्प्यांची सेफ्टी हे फार नीट करते. दिवस संपताना अंधारात, बधिर बोटांनी बंदूक रिकामी करताना याची किंमत कळते.

दस्ता लाकडी की प्लास्टिकचा? अक्रोडाचा दस्ता सुंदर दिसतो, मलाही आवडतो. पण भिजल्यावर लाकूड फुगतं, नळीला टेकतं, आणि गोळी भलतीकडे जाते. तपासायची रीत सोपी: एक डॉलरची नोट घडी न घालता नळी आणि दस्ता यांच्या मध्ये सरकवा. दस्त्याच्या पुढच्या टोकापासून चेंबरजवळपर्यंत न अडता गेली पाहिजे. आता दस्ता मुठीत दाबून पुन्हा सरकवा. स्वस्त प्लास्टिकचे दस्ते इथे वाकतात आणि नोट अडकते. मी स्वतः पावसाच्या भीतीने प्लास्टिकचा दस्ता आणि स्टेनलेस नळी वापरते. दिसायला स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखी दिसते, पण गंजत नाही.

काडतुसाबद्दल लोक भांडतात तेवढं त्यात काही नाही. .३०८ विंचेस्टर, ३०-०६, .२७०, .२४३, ६.५ क्रीडमूर: यांतल्या कुठल्याही काडतुसाने हरीण पडतं आणि पाचही जवळपास प्रत्येक दुकानात मिळतात. फरक आहे तो धक्क्यात. .२४३ चा धक्का ३०-०६ च्या साधारण निम्मा. धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर ओढताना डोळे मिटतो, आणि ती सवय जाता जात नाही. माझी रायफल ७ एमएम-०८ ची आहे, धक्का सौम्य, काम चोख, पण काडतुसांसाठी दुकानं पालथी घालावी लागतात. म्हणून तुम्हाला सांगेन ६.५ क्रीडमूर, किंवा शेजाऱ्यांकडे .३०८ असेल तर तीच, म्हणजे काडतुसं विसरलात तर उसनी मिळतील. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या आणि जास्त धक्क्याच्या काडतुसांच्या वाटेला जाऊ नका. आणि मांस घरी खाणार असाल, मुलांना देणार असाल, तर तांब्याच्या गोळ्या घ्या. शिशाची गोळी फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात.

आता नावं. पंधराशेत मी टिक्का टी३एक्स लाइट घेईन. फिनलंडमध्ये रिहिमाकीला, जिथे महागड्या साको रायफली बनतात, त्याच कारखान्यात बनते. बोल्ट तेल लावल्यासारखा फिरतो, ट्रिगर उत्तम. उणं काय, तर मॅगझिन प्लास्टिकचं, आणि लहान काडतुसांनाही मोठ्यांच्याच लांबीची बॉडी (बोल्ट बसतो तो भाग). वजनाला हलकी म्हणून धक्का थोडा जास्त जाणवतो. हॉवा १५०० जपानी, जराशी जड, पण त्यामुळे धक्का कमी. वेदरबी व्हॅनगार्ड ही तिचीच बहीण, हॉवाच बनवते. रुगर अमेरिकन स्वस्त, बोल्ट खडबडीत, मार मात्र अचूक, आणि आखूड दस्त्याची मिळते. पैसे वाचवून दुर्बिणीत घालायचे असतील तर तीच घ्या, त्यात काही गैर नाही. विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट मनात असेल तर दुर्बिणीला फारसं काही उरणार नाही.

आणि दुर्बिणीला उरायला हवं. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते, आणि हरणं नेमकी त्या दोन अर्ध्या तासांतच बाहेर पडतात. स्वस्त काचेत तेव्हा नुसतं राखाडी दिसतं. रायफलीच्या निम्मी रक्कम तरी दुर्बिणीवर घाला, २ ते ७ किंवा ३ ते ९ पट पुरे. मोठ्या आकड्यांच्या मागे लागाल तर तीस यार्डांवर उभं असलेलं हरीण दुर्बिणीत नुसती केसांची भिंत दिसेल. बसवण्याच्या पट्ट्या आणि रिंगा पोलादी किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच आवळा. 'रायफल बिघडली' म्हणून आलेल्या तक्रारींत रिंगा सैल असणं हे फार नेहमीचं कारण.

जुनी घ्यायलाही हरकत नाही, बोल्ट-अ‍ॅक्शन सहसा झिजत नाही. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नसावी, मुठीपाशी दस्ता तडकलेला नसावा, स्क्रूंची तोंडं कुणी चुकीच्या पान्याने कुरतडलेली नसावीत. जुनी रेमिंग्टन ७०० दिसली तर एक लक्षात ठेवा: मे २००६ ते एप्रिल २०१४ मधल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने २०१४ साली परत मागवल्या होत्या. ते काम झालंय का, विचारून घ्या.

कागदपत्रांचं शेवटी. आयुष्यात पहिल्यांदाच शिकारीचा परवाना काढताय, तर वय काहीही असो, पेनसिल्व्हेनियात हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो. तो आधी उरका, तिथे वेगवेगळ्या बंदुका हाताळायची संधीही मिळू शकते. ग्रीन कार्डवर रायफल विकत घेता येते. फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्राचा अर्ज, भरायचा, मग दुकानदार राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून तपासणी करतो. हे उत्तर एच-वन-बी वाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला बंदी आहे, पण एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. परवाना संपला की सूटही संपते, तेव्हा आधी वकिलाला विचारा. आणि व्हिसाची कटकट नको म्हणून मित्राला त्याच्या नावावर रायफल घ्यायला लावणं हा गुन्हा आहे, तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही.