बाबांचा आकडा 90 च्या वर जात नाही, ऑक्सिजन वाढवू का?

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा आजार), नऊ दिवस आयसीयूत होते, उद्या घरी येतायत, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन आणि रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सांगितलंय, पण ऑक्सिमीटर 89-90 च्या वर सरकत नाही आणि भाऊ म्हणतोय की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन) पाच लिटरपर्यंत जातं तर वाढवूया की. नका वाढवू. मी 17 वर्षं छातीच्या वॉर्डात सिस्टर आहे आणि नातेवाईकांच्या हातून सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक कुठली असेल तर हीच.

कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि 94 च्या खाली गेलं की धावा हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण ज्या सीओपीडीच्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याच्यासाठी 88 ते 92 हाच चांगला आकडा धरतात. बायपॅप सांगितलंय म्हणजे बाबांचा साठत असणारच, तरी डिस्चार्ज कार्डावर "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, म्हणजे भावाशी वाद नको. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट खेळत नाही तिकडेही रक्त जायला लागतं, श्वासही थोडा मंदावतो, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायच्या ऐवजी आत चढत जातो. आकडा मात्र मस्त 98 दाखवतो, हीच तर गंमत आहे.

एका रात्री आमच्या वॉर्डात एका काकांच्या मुलाने 89 बघून घाबरून नॉब दोनवरून पाचवर नेला, आम्हाला न सांगता. प्रेमापोटीच केलं बिचाऱ्याने. पहाटे मला म्हणतो सिस्टर, बाबांना आज किती दिवसांनी शांत झोप लागलीय. हाक मारली तर काका उठेचनात, हात धरला तर थरथरतोय, रक्ताचा रिपोर्ट आला तर कार्बन डायऑक्साइड भलताच चढलेला. बायपॅपवर दोन दिवसांनी सावरले. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते की धापेपेक्षा या पेशंटच्या झोपेला जास्त घाबरा. सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय, दिवसा बोलता बोलता पेंग येतेय, वेड्यासारखं बरळतायत, असं काही दिसलं तर आकडा कितीही छान असो, डॉक्टरांना फोन. आणि उठवून उठत नसतील तर सरळ 108. तोवर ऑक्सिजन एकदम बंद करायचा नाही हां, तेही धोक्याचं, सांगितलेल्या लिटरवर आणून ठेवायचा.

ऑक्सिमीटरपेक्षा श्वास मोजायला शिका, त्याला पैसे पडत नाहीत. बाबा निवांत बसलेले असताना, त्यांना न सांगता (सांगितलं की माणूस श्वास बदलतो), पोट वरखाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. रोज सकाळी वहीत लिहा. त्यांचा नेहमीचा आकडा समजा 20 असेल आणि एक दिवस बसल्या जागी 25 च्या वर गेला, किंवा बेडका पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, किंवा पायावर सूज आली, तर त्याच दिवशी दाखवा. एक वाक्य सलग बोलता येत नाहीये किंवा ओठ निळे पडतायत म्हणजे मग वाट बघायचीच नाही. बाकी ऑक्सिमीटरचं म्हणाल तर गार बोटावर तो काहीही सांगतो, आधी हात चोळून गरम करा. आणि 88 च्या खाली जाऊन तिथेच थांबला तरीही नॉबला हात न लावता आधी नळी कुठे निसटली, दबली का ते बघा, मग डॉक्टरांना विचारा.

आता बायपॅप. हे मशीन साधी खोलीतलीच हवा दाबाने देतं, त्यामुळे त्यासोबत ऑक्सिजन सांगितला असेल तर कॉन्सन्ट्रेटरची नळी मास्कला किंवा पाइपला वेगळी जोडावी लागते. घरी गेल्यावर हे हमखास विसरतात. आधी बायपॅप चालू, मग ऑक्सिजन, बंद करताना उलटं. पट्टा आवळून बांधू नका, बोट आत जाईल इतका सैल हवा, नाहीतर चार दिवसांत नाकाच्या हाडावर जखम होते आणि मग पेशंट मास्क लावूनच घेत नाही. जेवल्याजेवल्या लावायचं नाही, उलटी झाली तर आधी मास्क काढायचा.

नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलिन लावतात लोक, ऑक्सिजन चालू असताना तेलकट काही नको, आगीचा धोका असतो. देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन, उदबत्ती दुसरीकडे हलवा, आणि बाबांची विडी लपूनछपून चालू असेल तर... तुम्हालाच माहीत. (बायकांना न ओढताही हा आजार होतो, चुलीच्या धुराने, आमच्या वॉर्डात अशा कितीतरी आज्या येतात.)

तुमच्याकडे लाइट जाते असं लिहिलंय. कॉन्सन्ट्रेटर विजेशिवाय शून्य आहे, म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवाच. त्यात साधारण 1500 लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास निघतात. सिलिंडर उघडायचा पाना कुठे ठेवलाय ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, रात्री अंधारात पानाच सापडत नाही. कॉन्सन्ट्रेटरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलायचं, आणि स्टेरॉइडची वाफ दिली की खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

उद्या डिस्चार्जच्या वेळी सही करून लगेच निघू नका. वॉर्डातल्या सिस्टरसमोर तुम्ही स्वतः एकदा मास्क बांधून दाखवा, भावालाही बांधायला लावा. ती घाईत असेल, कदाचित वैतागेल, तरी लावाच.