जुनेर, ठेवणीतलं की विंटेज?

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. आजी गेल्यावर सोलापूरच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली, त्यात गिरणीचं एक नऊवारी लुगडं निघालं आणि घडीत चाटी गल्लीतल्या दुकानाची पावती, तारखेचा कोपरा उंदरानं खाल्लेला. मुलगी म्हणते हे विंटेज आहे. तर विंटेजला मराठीत जुनेर म्हणायचं का, आणि घरात सगळे "आजीच्या लग्नातलं" म्हणतात म्हणजे १९५१ चं, ते खरं धरायचं का?

जुनेर तेवढं नका म्हणू हो. शब्द गोड आहे, जीर्ण, जुण्ण, जुना या माळेतलाच आहे, पण जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ पडलेलं, विरलेलं लुगडं. मधोमध विरलं की तेवढा भाग फाडून काढायचा, चांगले तुकडे जोडून दंड घालायचा आणि परत नेसायचं, तेही संपलं की बाळाची दुपटी नाहीतर गोधडी. त्यामुळे जुनेर ट्रंकेत सापडायची शक्यताच कमी, ते सापडतं गोधडीच्या पोटात. ट्रंकेत जे टिकलं ते कुणी फारसं नेसलं नाही म्हणून टिकलं, आणि त्याला आपल्याकडे झकास शब्द आहे, ठेवणीतलं. एकदाही घडी मोडली नसेल तर कोरं. हे लुगडं जुनं आहे पण जुनेर नाही, एवढा फरक मराठी एका अक्षरात करते आणि आपण विंटेज म्हणून दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतो.

बरं, विंटेजचं मूळही बघा. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन, आणि अर्थ द्राक्षतोडणी! म्हणजे आपल्या नान्नजच्या बागेत काढणी चालते ती खरी विंटेज. पुढे वाइन कुठल्या सालच्या द्राक्षांची ते सांगायला वापरायला लागले आणि तिथून गाड्या, कपडे सगळ्यांना चिकटला. त्यात "जुनं" नव्हतंच मुळात, "कुठल्या सालचं" होतं.

आणि सालाचं म्हणाल तर आपल्या घरात साल सांगायची पद्धत आकड्याची नाहीच. "बहात्तरच्या दुष्काळात घेतलेलं", "धाकट्याच्या बारशाचं", "माझ्या पाठवणीचं". ऐकायला पक्कं वाटतं पण यातला "लग्नातलं" हा शब्द फार लबाड आहे. लग्नाच्या बस्त्यातलं, दिवाळसणाला आलेलं, डोहाळजेवणाचं, सगळं एका ट्रंकेत गेलं की पंधरा-वीस वर्षांनी सगळंच लग्नातलं होतं. आमच्या आईची "लग्नातली" साडी नंतर कळलं की माझ्या बारशाला मामानं आणलेली, लग्नाच्या फोटोत भलतीच आहे.

आता पावती, कारण खरी गंमत तिथंच आहे. तुम्ही उतरवून दिलंय: "लुगडे १, नऊ वार, रु. ११ न. पै. ५०". तुमच्या भाच्यानं म्हणे "पै" वाचून आणे-पैच्या काळातलं ठरवून टाकलं. गडबड आहे! जुन्या हिशोबात रु. आ. पै. लिहायचे, त्यातली पै वेगळी, आण्याला बारा पै आणि रुपयाला सोळा आणे. तिथं पैच्या घरात जास्तीत जास्त अकरा येणार, पन्नास येईलच कसे? तुमच्या पावतीतली पै म्हणजे पैसे, आणि तिच्या आधीचा तो बारकासा "न." म्हणजे नये. नये पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे शंभर, आणि १ जून १९६४ पासून "नये" गळालं, नुसते पैसे राहिले. म्हणजे पावती १९५७ च्या आधीची असूच शकत नाही. पुढच्या बाजूला मात्र वर्ष-दोन वर्षं सैल धरा, गल्ल्यावर बसणाऱ्याचा हात सरकारी तारखेला थोडाच वळण बदलतो.

"वार" या शब्दावर मात्र काही बांधू नका. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून ते टप्प्याटप्प्यानं लागू झालं, पण तोंडातला वार गेलाय का? आजही नऊवारीच म्हणतो, सव्वाआठ मीटरी कोण म्हणतं. शिवण्याच्या पद्धतीचंही तसंच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या अंगात बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा असतो, नाव जुनं, बारा बंदांची ठेवण जुनी, पण अंगातली परवाच शिवलेली असू शकते. नावावरून नि ठेवणीवरून एवढंच कळतं की वस्तू कुठल्या परंपरेतली.

दुसरी शंका म्हणजे पावती त्याच लुगड्याची कशावरून? ट्रंकेत कागद कुठलाही कुठंही जातो. लुगड्याच्या टोकाला, आतल्या बाजूला गिरणीचा शिक्का पुसट असेल तर खिडकीपाशी धरून बघा, किंमत किंवा माप पावतीशी जुळतंय का ते. त्यात इंग्रजी स्पेलिंग "शोलापूर" असं असलं तर लगेच इंग्रजांच्या काळात उडी मारू नका, तो श स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालला. आणि काठाच्या आतून सुटा धागा मिळाला तर तेवढाच चिमट्यात धरून जाळा, कागद जळल्यासारखा वास आणि राख म्हणजे सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर, मग मात्र हे लुगडं नि ही पावती एकमेकांची असतील असं मला वाटत नाही.

जाता जाता, चाटी म्हणजे कापडवाला, जुना मराठी शब्द आहे. माणसांच्या बोलण्यातून गेला, गल्लीच्या नावात राहिला.

तर शिक्का जुळला तर चिठ्ठीवर लिहा "ठेवणीतलं नऊवारी लुगडं, १९५७ ते १९६४ च्या आसपासचं", आणि १९५१ सोडून द्या. त्या सात-आठ वर्षांत घरात बारसं कुणाचं झालं तेवढं थोरल्या आत्यांना विचारा.