२००६ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) ह्यूस्टन टेक्सन्स संघाने पहिल्या क्रमांकावर बचावपटू मारिओ विल्यम्सला घेतलं, ते चुकलं का?

नाही, माझ्या मते बरोबरच होतं. चाहत्यांचा राग मात्र मला पटतो. कुणाला चेंडू घेऊन पळणारा रेजी बुश हवा होता, कुणाला ह्यूस्टनचाच पोरगा विन्स यंग. त्यात डिसेंबरमध्ये हाच यंग टेनेसी संघाकडून ह्यूस्टनमध्ये खेळायला आला आणि जादा वेळेत ३९ यार्ड पळत जाऊन सामना घेऊन गेला. आपल्याच गावात, आपल्याच पोराने! तो घाव खोल होता. पण २००७ मध्ये विल्यम्सने चेंडू हातात असलेल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) १४ वेळा आडवं केलं, पुढच्या वर्षी १२ वेळा. ड्राफ्टच्या आदल्या हंगामात १६ पैकी १४ सामने हरलेल्या संघाला असा भक्कम बचावपटूच आधी लागतो. बुश चपळ होता, पण पहिल्या क्रमांकाचा नव्हे.