सिपना डोंगराच्या धारेवरून वाहते काय? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सर, मोबाईलवर मेळघाटाचा सॅटेलाइट फोटो पाह्यला तर सिपना नदी डोंगराच्या धारेवरून वाहून राह्यली असं दिसते. पोरांलेही तसंच दिसते. फोटो उलटा टाकला काय?
(एक शिक्षक, धारणी तालुका)

उत्तर : गुरुजी, फोटो सुलटाच आहे, उत्तर वर आणि दक्षिण खाली. गफलत उजेडाची आहे. माणसाच्या डोळ्याला जन्मापासून उजेड वरून येताना पाहायची सवय. त्यामुळे कुठलंही चित्र समोर आलं की उजेड चित्राच्या वरच्या बाजूनं पडतोय, असं मेंदू न विचारता धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत तर थोडा डावीकडूनच.

आता मेळघाटात काय होतं ते बघा. पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच उपग्रह आपल्याकडून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला, जेमतेम 40 अंश वर असतो. डोंगराचा आग्नेयेकडचा उतार उजळतो आणि वायव्येकडचा अंधारात जातो. म्हणजे फोटोत खालची उजवी बाजू उजळ, वरची डावी काळी. मेंदू म्हणतो, उजेड तर वरून आहे. मग वरचा भाग काळा आणि खालचा उजळ म्हणजे हा खड्डाच असणार. डोंगराची दरी झाली की दरीचा डोंगर होतो, आणि बिचारी सिपना धारेवर चढते. अमेरिकेतले खगोलज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी 1786 मध्येच सांगितलं होतं की या फसगतीचं मूळ उजेडाच्या दिशेत आहे. तेव्हा उपग्रह तर सोडाच, विमानही नव्हतं.

उपाय साधा आहे. फोन उलटा धरा, म्हणजे दक्षिण वर येईल. मात्र आधी स्क्रीनचं ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर फोन शहाणपणा करून चित्र पुन्हा सरळ करील. पोरांना वर्गात दाखवायचं असेल तर फोटोची प्रिंट काढून ती फिरवणं जास्त बरं. दरी आत गेली की पोरं हमखास ओरडतात. एक गंमत सांगून ठेवतो : कारण कळलं तरी प्रिंट परत सरळ केली की नदी पुन्हा वर चढलेली दिसते. कारण माहीत असल्यानं डोळ्याची सवय जात नाही. म्हणून डोळ्यापेक्षा पाण्यावर विश्वास ठेवा. नदी दिसली की ती जागा खोल, मग चित्र काहीही म्हणो.

नकाशा बनवणारे ही अडचण ओळखून आहेत. डोंगर छटा देऊन रंगवताना ते उजेड वायव्येकडून, 45 अंशांवरून आला असं धरतात. मेळघाटात असा सूर्य सकाळी कधीच नसतो, पण त्या खोट्या सूर्यामुळे डोंगर डोंगरासारखा दिसतो. माझ्या मते शाळेत आधी असा छटांचा नकाशा दाखवावा आणि मग उपग्रहाचा फोटो. आपल्याकडे नेमकं उलट होतं. आणि फोटो निवडता येत असेल तर हिवाळ्याचा आणि मे महिन्याचा शेजारी ठेवा. मेअखेरीस धारणीत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सकाळच्या सावल्याही आखूड असतात. त्या फोटोत नदी डोंगरावर चढलेली फारशी वाटत नाही, पण डोंगरही चपटे वाटतात.

प्रश्न : लोणार सरोवर फोटोत टेकडीवरच्या तळ्यासारखं का दिसतं?
(लोणार तालुका)

उत्तर : वरचंच कारण. विवराची वायव्येकडची आतली भिंत सकाळच्या उन्हात उजळते आणि आग्नेयेकडची सावलीत राहते. वरून-डावीकडून उजेड पडलेला उंचवटा अगदी असाच दिसला असता. खरं तर सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या या विवरात पाणी काठापासून दीडशे मीटरच्या घरात खाली आहे. मात्र काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उचललेला आहेच, तेव्हा ‘टेकडी’ म्हणणारा अगदीच खोटा नाही.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतो. प्राकृतिक नकाशात अकोट हिरवं आणि चिखलदरा तपकिरी. जंगल तर चिखलदऱ्याला आहे ना?
(अकोट तालुका)

उत्तर : त्या नकाशातला रंग झाडांचा नाही, उंचीचा आहे. अकोट 300 मीटरच्या आसपास म्हणून हिरवं, चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास म्हणून तपकिरी. गंमत अशी की याच हिरव्या रंगात खारपाणपट्टाही येतो, जिथं विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही. सूची आधी वाचा, रंग नंतर.

प्रश्न : आमच्या गावाजवळ कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. फोटोत खड्डा कोणता आणि मातीचा ढिगारा कोणता तेच कळत नाही. थ्रीडी केलं तर ढिगारा जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीसारखा सपाट!
(वणी तालुका)

उत्तर : इथं दोन फसगती एकावर एक आहेत. थ्रीडीत फोटो ताजा असतो, पण त्याखालची उंची जुनी असू शकते. जगभर वापरला जाणारा उंचीचा एक मोठा साठा फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून रडारनं मोजलेला आहे. त्यानंतर टाकलेला ढिगारा त्यात असणारच कसा? जुन्या जमिनीवर नवा फोटो पसरला की तो सपाटच दिसणार. ढिगाऱ्याच्या उंचीवरून गावात तक्रार चालू असेल तर थ्रीडीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देऊ नका. रीतसर मोजणी मागा.

साध्या फोटोत ओळखायचं तर सावलीची जागा बघा. हिवाळी फोटोत ढिगाऱ्याची सावली त्याच्या कडेबाहेर वायव्येला सांडते. खड्ड्याची सावली आतच, आग्नेयेच्या कडेखाली राहते. पावसानं पाडलेल्या घळीही बघा. ढिगाऱ्यावरून त्या बाहेर पसरतात, खड्ड्यात आत उतरतात. तळाशी हिरवट पाणी साचलेलं असेल तर पुढं बघायलाच नको.

प्रश्न : सायकलच्या ॲपमध्ये परतवाडा ते चिखलदरा रस्त्याचा ग्राफ भिंतीसारखा उभा दिसतो. एवढा चढ खरंच आहे का?
(अचलपूर तालुका)

उत्तर : नाही. रस्ता साधारण 30 किलोमीटर आणि चढ 700 मीटरच्या आसपास. ग्राफची रुंदी 10 सेंटिमीटर असेल तर त्याच मापात चढाची रेघ सव्वादोन-अडीच मिलिमीटरच वर जाईल. ॲप ती पाच सेंटिमीटर दाखवतं, म्हणजे उंची वीसपटीहून जास्त ताणलेली. पण सरासरीवरही जाऊ नका. शंभर मीटरला अडीच मीटरच्या आत येणाऱ्या या सरासरीत सुरुवातीची सपाटी मिसळलेली आहे, प्रत्यक्ष घाट त्याहून कडक. ॲपमध्ये एकेका किलोमीटरचा चढ टक्क्यांत दिसत असेल तर तो बघून निघा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्या.