मानसशास्त्राच्या पदवीकडे वळण्यापूर्वी

रत्नागिरी

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर मानसशास्त्र हा मुख्य विषय घ्यावा का, असे तू विचारले आहेस आणि घरच्यांचा विरोधही कळवला आहेस. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे (उरलेली ठाणे, पुणे आणि नागपूर येथे), त्यामुळे ‘मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे इस्पितळ’ ही तुझ्या काकांची समजूत मला नवी नाही. मला काळजी वाटते ती तुझ्या समजुतीची. मैत्रिणी मन मोकळे करायला तुझ्याकडेच येतात म्हणून हा विषय तुला जमेल, असे तू लिहितेस. हा गुण चांगलाच आहे, पण पदवीच्या वर्गात तो फारसा कामी येत नाही. तिथे प्रामुख्याने मोजायला शिकवतात, आणि आपणच केलेल्या मोजमापावर शंका घ्यायला शिकवतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून या विषयाने स्वतःला विज्ञान म्हणवून घेतले आहे. कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९१६ साली सुरू झाला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि स्वप्ने यांच्या ओढीने जे विद्यार्थी येतात, त्यांच्या वाट्याला फ्रॉइड जेमतेम एखाद्या प्रकरणापुरता येतो आणि मग समोर सांख्यिकी उभी राहते. तिला घाबरून अनेकजण कुरकुरतात. तू मात्र पहिल्या वर्षापासून मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत ते) आणि सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत बदलतात ते) हे हाताने आकडेमोड करून पक्के कर.

प्रात्यक्षिकाला म्युलर-लायर नावाच्या दृष्टिभ्रमाचा प्रयोग बहुधा असेल. दोन समान रेषा असतात. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी रेषा लांब दिसते. समोर बसलेल्या वर्गमैत्रिणीने सरकती पट्टी ओढून दोन्ही रेषा सारख्या करायच्या आणि किती मिलिमीटरची चूक झाली ते तू लिहायचे. पट्टी कधी आतून बाहेर, कधी बाहेरून आत सरकवायची, कधी डावीकडे ठेवायची, कधी उजवीकडे. कारण हाताच्या सवयीमुळे होणारी चूक डोळ्याच्या चुकीत मिसळता कामा नये. हा क्रम का पाळायचा हे ज्याला उमगले त्याला संशोधन पद्धतीचा निम्मा पेपर समजला, असे मी मानतो. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून (प्रयोगवहीतून) आकडे उतरवणारे विद्यार्थी नेमके हेच गमावतात, आणि दुर्दैवाने त्यांना गुणही पडतात. हा भ्रम सर्व समाजांत सारख्याच प्रमाणात होत नाही, असे १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात दिसून आले होते.

छापलेल्या निष्कर्षांवरही शंका घ्यावी लागते. नामांकित नियतकालिकांतील १०० अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, त्याचा अहवाल २०१५ साली आला. मूळ अभ्यासांपैकी बहुतेकांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने आले नसावेत असे मानण्याजोगे, होते. पुनरावृत्तीत तसे ठरले ते ३६ टक्क्यांच्या आसपास. हे वाचून काहींचा विषयावरचा विश्वास उडाला. माझा वाढला, कारण ही झाडाझडती विषयातल्याच लोकांनी घेतली.

आता आपल्या किनाऱ्याकडे ये. नैराश्य तपासण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उत्साह यांचे काय झाले ते विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि बेरीज करायची. दहा किंवा अधिक आली की पुढील तपासणीची गरज धरतात. हीच प्रश्नावली आपल्या मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाला दे. रात्री-अपरात्री होडी सुटते म्हणून त्याची झोप मोडते, जाळी ओढून तो थकतो; म्हणजे मन ठीक असूनही दोन प्रश्नांचे गुण चढतात. उलट १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात त्याला झोप भरपूर मिळते, पण हातात पैसा नसतो आणि जीव टांगणीला लागतो. तेव्हा प्रश्नावली कोणत्या महिन्यात भरून घेतली, यावर बेरीज बदलू शकते. वडील मुंबईत आणि घर गावात, गणपती-शिमग्यालाच सगळे एकत्र, अशा घरातल्या मुलाला ‘तुमचे कुटुंब एकत्र राहते का’ असा होय-नाहीचा प्रश्न विचारला तर तो काय उत्तर देणार? पदवीचा लघुप्रकल्प करायची वेळ येईल तेव्हा ‘मोबाइल आणि ताण’ हा घासून गुळगुळीत झालेला विषय घेऊ नकोस. असे काहीतरी घे. ज्याला मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत मोकळेपणाने विचारता येते, त्याला मिळणारी उत्तरे शहरातून आलेल्या संशोधकाला सहसा मिळत नाहीत.

नोकरीविषयी थोडक्यात. नुसत्या पदवीवर कोणी समुपदेशक होत नाही. त्यापुढे निदान एम.ए. हवे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मानसिक आजारांची तपासणी आणि औषधांविना उपचार करणारा) व्हायचे असेल तर १९९२ च्या कायद्यान्वये चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम करून तिच्याकडे नोंदणी करावी लागते. औषधे लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ हे मुळात डॉक्टर असतात, तो रस्ता वेगळा. काकांना एवढा फरक शांतपणे समजावून सांग. तीन वर्षांत ‘माइंड रीडर’ किंवा महिनाभरात ‘थेरपिस्ट’ करून देण्याच्या जाहिराती येतील, तिकडे फिरकू नकोस.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचार: तृतीय वर्षाला प्रात्यक्षिके होतात का, आणि साहित्य कपाटात कुलूपबंद आहे की विद्यार्थ्यांच्या हाती दिले जाते. उत्तरे कळली की मला कळव, मग विषयांची जोडणी ठरवू. सांख्यिकीचे माझे जुने पुस्तक काढून ठेवले आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
सर